बोटं मोज, मामा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा मी पास आहे, हे भाचीसमोर बोलायला नको होतं. त्या परीक्षांत स्थिरचित्राला तांब्या असतो, पेला असतो, फार तर वांगं. यातल्या एकालाही बोटं नसतात.

तिला वन्यजीव सप्ताहासाठी लांडगा हवा होता. तोंड, कान, शेपूट अर्ध्या तासात उरकलं. मग आले पाय. पहिला पंजा लादीपावासारखा झाला, दुसरा आल्याच्या गड्ड्यासारखा. आई चहा ठेवताना म्हणाली, "हत्ती बरा जमलाय."

भाची मात्र पंजांवरच वाकली होती. "मामा, पुढच्या पायाला बोटं पाच. पाचवं आतल्या बाजूला, जरा वर, जमिनीला न टेकणारं. मागच्या पायाला चारच." म्हणजे एकूण अठरा. मी मोजली, तर एकोणीस भरली. शिवाय पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे हवेत, मधली दोन बोटं पुढे आलेली हवीत आणि नखं बाहेरच हवीत, कारण ती मांजरासारखी आत ओढता येत नाहीत. एवढं ठाऊक असलेल्या मुलीने स्वतःच का काढू नये, हा प्रश्न मी चहाबरोबर गिळला.

शेवटी मॉडेल म्हणून सोसायटीच्या मोत्याला गाठलं. कुत्रा म्हणजे लांडग्याचाच भाऊबंद. बिस्किटाचा पुडा संपेपर्यंत त्याने पंजा माझ्या हातात ठेवला, पुडा संपताच काढून घेतला. तेवढ्यात मागचा पाय रेखाटून मी विजयी मुद्रेने वर आलो.

"पाच बोटं?"

"मोत्याला आहेत!"

"काही कुत्र्यांना असतात. लांडग्याला नसतात."

मोत्याने मीठ खाल्लं नव्हतं, ग्लुकोज खाल्लं होतं, तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

त्यात तो उलटा वाकलेला गुडघा. तो गुडघाच नव्हे, टाच आहे, हे कळल्यावर मी हादरलो. लांडगा आयुष्यभर बोटांवर चालतो, टाच कायम अधांतरी, आणि खरा गुडघा वर पोटाशी. हे अंगी बाणल्याशिवाय कागदावर उतरणार नाही म्हणून मी हॉलमध्ये चार पायांवर उतरलो, टाचा उचलल्या आणि टीपॉयला एक फेरी घातली. दार उघडंच होतं. दारात इस्त्रीवाला.

"साहेब, काही हरवलंय का?"

"टाच," मी म्हणालो.

बिचारा सोफ्याखाली वाकून बघू लागला.

त्या रात्री मी गवत काढलं. भरपूर. आपला लांडगा माळरानावरचा, सुप्याकडचा, नान्नजकडचा. पावसाळा सरताना तिथे गवत असणारच. माझ्या कागदावर ते पोटापर्यंत वाढलं. अठराच्या अठरा बोटं गडप. सकाळी भाचीने चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"पावसाळ्यातलं आहे?"

"हो!"

"मग पुढच्या चिखलात ठसे हवेत."

चार गाद्या, खाली मोठी तिकोनी गादी, वर नखांचे टोचे, आणि असे चार पायांचे! मी पेन्सिल खाली ठेवली. तेव्हा तिला दया आली असावी. म्हणाली, लांडगा दुडक्या चालीत मागचा पाय पुष्कळदा पुढच्याच ठशात टाकतो.

म्हणजे ठसे निम्मेच काढायचे. त्या जनावराबद्दल मला पहिल्यांदाच प्रेम वाटलं.