लहान आकडे घे

आज दुपारी भाचीचा फोन आला. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आहे, दुसरं वर्ष, आपल्या मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या कॉलेजात, नाव कशाला घ्या. प्रॅक्टिकल देऊन एसटी स्टँडवर बसली होती. "मामा, काय करायलाव?" एवढं म्हणाली अन् गप्प. मला वाटलं गाडी चुकली असंल. मग हळूच म्हणते, "मामा, इंट किती बाइटचा असतो?" इंट म्हणजे सी भाषेच्या प्रोग्राममध्ये पूर्णांक ठेवायची जागा, अन् ती किती मोठी ते बाइटमध्ये मोजतात.

व्हायवाला एक्स्टर्नलनी हेच विचारलं. तिनं सांगितलं ४. सर म्हणले चूक, २. ती म्हणाली सर मी किती बाइट ते सांगणारं साइझऑफ लावून बघितलंय, ४ येतो. तर म्हणले पुस्तकात काय आहे ते सांग, मोबाइलवर काय दिसतं ते मला नको. जर्नल बाजूला सरकवलं आणि पुढच्या पोरीला हाक मारली.

तिच्याकडं लॅपटॉप नाही हो. ताईनं घेऊन दिलेला एक मोबाइल, त्यात कंपायलरचं, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारं, अ‍ॅप टाकलंय, रात्री घरातले झोपले की अंगठ्यानं कंस आणि सेमिकोलन शोधत शोधत प्रोग्राम टाइप करती. त्या एवढ्याशा स्क्रीनवर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी ४ बघितला होता. अन् डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं म्हणून मार्क गेले.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, वाळूजला कंपनीत बसून कामात लक्ष लागंना, कारण मला माझी २००६ ची गोष्ट आठवली. अण्णांनी मानवतच्या मोंढ्यात कापूस घातला होता, २० क्विंटल, भाव २००० च्या आसपास. मी तेव्हा पहिल्या वर्षाला. मला वाटलं आपण शिकायलोय तर अण्णांच्या पट्टीचा, म्हणजे माल घातल्याच्या पावतीचा, हिशोब आपल्याच प्रोग्रामवर करू. ती पट्टी खिशात घालून लॅबला गेलो, टर्बो सी, म्हणजे कॉलेजात चालायचं ते सीचं जुनं कंपायलर, त्याची निळी स्क्रीन, क्विंटल गुणिले भाव, रन केलं. उत्तर आलं उणे २५५३६.

तीनदा टाइप केलं. तीनदा उणे २५५३६. अण्णांचा वर्षाचा कापूस अन् मशीन म्हणतंय तुम्हीच पैसे देणं लागता. सरांना बोलवलं. सरांनी वाकून बघितलं आणि म्हणले, "लहान आकडे घे." मी २ आणि ३ घेतले, ६ आले, सरांनी जर्नलवर सही केली. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, काय म्हणलं रे तुमचं मशीन? मी म्हणलं, चाळीस हजार. खोटं बोललो.

त्याचं कारण मला नोकरी लागल्यावर कळलं, एका सीनियरनं चहा पिता पिता सांगितलं. टर्बो सीचा इंट २ बाइटचा, एका बाइटात ८ बिट, बिट म्हणजे ० नाहीतर १ ची एक जागा, म्हणजे १६ बिट, म्हणजे एकूण ६५५३६ आकडे, त्यातले निम्मे उणे बाजूला, म्हणून अधिक बाजूला ३२७६७ च्या पुढं जागाच नाही. त्याच्या पुढं गेलं की गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखं फिरून उलट्या टोकाला जातं. ४०००० वजा ६५५३६, उणे २५५३६. इंटच्या जागी लाँग, म्हणजे मोठी जागा, लिहायचं होतं, बस. पाच मिनिटांचं काम होतं सांगायला. त्या पाच मिनिटांत बिट, बाइट, उणे आकडे मशीन कसे साठवतं, सगळं समोर होतं, अण्णांच्या कापसाच्या पट्टीवर! १९९६ साली ४ जूनला युरोपचं आरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात जेमतेम ४० सेकंदांत फुटलं ते याच्यानंच, मोठा आकडा १६ बिटच्या जागेत कोंबायला गेले म्हणून. ही गोष्ट वर्गात सांगितली असती तर मागच्या बाकावरचे पण उठून बसले असते.

म्हणजे एक्स्टर्नल पूर्ण चूक नाहीत, टर्बो सीवर २ च येतो, हे मान्य. पण भाचीचा ४ पण बरोबर आहे, आजच्या कंपायलरवर ४ येतो, २ बाइटवाल्या जागेला तिथं शॉर्ट म्हणतात. भाषेनं आकडा पक्का ठरवूनच दिलेला नाही, कंपायलर आणि मशीनवर आहे ते. हे जो शिकवतो त्याला माहीत नसंल तर मग काय शिकवायलाव तुम्ही?

अन् हे टर्बो कधीचं? टर्बो सी प्लस प्लस १९९० चं. त्याच्या काळी भारी सॉफ्टवेअर होतं, नाही म्हणत नाही. १९९८ ला सी प्लस प्लसचं पहिलं स्टँडर्ड, म्हणजे भाषेचे पक्के नियम, आलं, प्रोग्रामच्या वरच्या ओळीतलं आयोस्ट्रीमच्या पुढचं डॉट एच तेव्हाच गेलं, मेनच्या आधी व्हॉइड तर त्यात चालतच नाही. माझी भाची तेव्हा जन्मली पण नव्हती. आणि आज ती जर्नलमध्ये काय लिहायलीय, आयोस्ट्रीम डॉट एच, व्हॉइड मेन, क्लियरस्क्रीन, गेटसीएच, सगळ्या टर्बोच्या काळातल्या ओळी! ६४ बिटच्या विंडोजवर टर्बो सरळ उघडतच नाही, तर डॉसबॉक्स टाकून त्याच्या आत जुना डॉस उभा करून त्यात चालवतात, एवढा खटाटोप कशासाठी, तर जर्नलमधला प्रोग्राम जसाच्या तसा चालावा म्हणून. फुकटातलं आजचं कंपायलर जीसीसी टाकायला त्याच्या निम्मा पण वेळ लागत नाही. आउटपुट तर हातानं लिहितात, पोरं एकमेकांचं बघून, प्रोग्राम रन न करताच. शेवटी एचओडीची सही आणि सर्टिफिकेट.

१९५८ ला औरंगाबादला विद्यापीठ झालं तेव्हा कुठं आपल्या लोकांचं हैदराबादकडं बघणं थांबलं, १९९४ ला नांदेडला दुसरं झालं. लेकरांना घराजवळ शिकता यावं म्हणून लोक किती भांडलेत ते आपल्याला माहितीय. ते काय याच्यासाठी?

आता थोडं शांत होऊन लिहितो. माझे ते लॅबचे सर वाईट नव्हते. सीएचबीवर होते, तासाचे पैसे, तेपण सहा सहा महिने निघायचे नाहीत, दोन एसट्या बदलून यायचे, त्यात २० मशीनपैकी ९ चालू आणि लाइटचा भरवसा नाही. त्यांना पण कुणी सांगितलं नसंल. त्यांच्या सरांनी पण त्यांना लहान आकडेच घ्यायला लावले असतील. सिलॅबस बदललाय, पायथॉन आलंय, लिनक्स आलंय कागदावर, तेपण खरं. चांगले सर आहेत, स्वतःच्या पैशानं पोरांना पुस्तकं देणारे मला माहितीत.

पण पोरगी विचारायलीय ना! प्रश्न घेऊन आलेलं लेकरू समोर उभं आहे, याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे मास्तरला?

अन् एक सांगायचं राहिलं, ते सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही. ती म्हणाली, "मामा, थिअरीच्या पेपरात काय लिहू, ४ का २?" मी म्हणलं, २ च लिही माय, मार्क जाऊ देऊ नको. ती "बरं" म्हणाली. फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय बोललो ते. तेच. वीस वर्षांनी मी पण तिला तेच सांगितलं.

परत फोन लावला. म्हणलं पेपरात काय लिहायचं ते तू ठरव, पण एक गोष्ट ऐक, आणि अण्णांच्या पट्टीची गोष्ट पहिल्यांदा कुणालातरी पूर्ण सांगितली, अण्णांना खोटं सांगितलं ते पण. गाडी लागली होती, आवाज तुटत होता, तिला किती ऐकू गेलं कळलं नाही.

आत्ता साडेसातला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट आला. चालत्या गाडीत मोबाइलवर केलंय. खाली लिहिलंय, "मामा, इंटच्या जागी शॉर्ट घेतलं की अण्णाचा कापूस उणे २५५३६ येतो बगा. इंट ठेवलं की ४००००. घरी गेल्यावर अण्णाला दाखवते."