पूल होईल तेव्हा होईल, आधी धक्का तर बांधा

मी मूळचा सोलापूरचा, आता ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असतो आणि रोज सकाळी बुलिम्बाच्या धक्क्यावरून सिटीकॅट, म्हणजे इथल्या नदीतली सार्वजनिक प्रवासी बोट, पकडून कामाला जातो. तिकीट 50 सेंट, ऑगस्ट 2024 पासून एवढंच केलंय. बोटीत सायकलवाले, बाबागाडीवाल्या आया, व्हीलचेअरवरचे आजोबा, सगळे असतात.

घरी फोन केला की मामा म्हणतात, उजनी धरणाच्या पाण्यावरचा शिरसोडी-कुगाव पूल झाला की होड्यांचा विषयच संपला, आणि भाऊ म्हणतो उजनीत जलपर्यटन आणा. मला दोन्ही पाहिजे, पण 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली अन सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती, ती काय फिरायला निघालेली माणसं नव्हती हो. करमाळा तालुक्यातून इंदापूरकडे जायचं तर रस्त्याने लांबचा वळसा पडतो, म्हणून लोक होडीत बसतात, मोटरसायकलसुद्धा होडीत घालतात. माझ्या मावशीचं सासर तिकडंच, मी स्वतः लहानपणी असाच गेलोय, अंगात लाईफ जॅकेट नाही काही नाही.

लोक म्हणतात उजनीचं पाणी वरखाली होतं, तिथं धक्का कसा टिकणार. बरोबर आहे, पावसाळ्यात धरण बहुतेक वेळा भरून वाहतं आणि मे महिन्यापर्यंत उजनी बहुतेक वेळा मायनसमध्ये जाते, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी त्याच्याही खाली जातं. पण इथली नदीसुद्धा भरती-ओहोटीची आहे, म्हणून धक्का तरंगता ठेवलाय, पाण्याबरोबर तोही वरखाली होतो, काठाला जोडणारा उतार तेवढा कमीजास्त होतो. 2011 च्या जानेवारीत महापूर आला तेव्हा बरेच धक्के मोडले, मग नवीन असे बांधले की पुरात काठाला जोडणारा तो उतार एका टोकाने सुटून प्रवाहाबरोबर बाजूला वळतो, आणि वरच्या अंगाच्या भक्कम खांबामुळे वाहून आलेली लाकडं धक्क्यावर आदळत नाहीत. उजनीत तर एवढी धारसुद्धा नाही, फक्त पाणी फार खाली जातं, म्हणून उतार लांब लागेल आणि उन्हाळ्यात धक्का पुढं ओढून न्यावा लागेल एवढंच.

माझं म्हणणं, पूल होईपर्यंत आणि झाल्यावरही ज्या गावांना तो लांब पडेल त्यांच्यासाठी तरंगता धक्का, मोजून माणसं, प्रत्येकाला जॅकेट, आणि वारा सुटला की फेरी बंद, हे एसटीसारखं सरकारनेच चालवावं. पर्यटनाच्या बोटी येतील तेव्हा येऊ देत.

उन्हाळ्यात पाणी आटलं की होडीतून उतरून काठापर्यंत चिखल तुडवत जावं लागतं, आणि मावशी आता सत्तरीची आहे.