एक हजार तेरा

माझा चुलतभाऊ 'सिव्हिल' म्हणतो आणि समोरचा माणूस लगेच आपल्या गळक्या गच्चीचं दुखणं काढतो. मी 'एव्हिऑनिक्स' म्हणतो आणि समोरचा कान पुढे करतो.

"काय निक्स?"

गेली तीन वर्षं मी बंगळूरच्या एका कॉलेजात हा विषय शिकतोय. सुट्टीला सांगलीला आलो की तो पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो, कारण घरी समजावून सांगायचा असतो. मिरजेच्या दादाकाकांनी 'एव्हियन' ऐकलं, म्हणजे पक्ष्यांचं काहीतरी. "पोल्ट्री होय? झकास. अंड्याला मरण नाही." म्हटलं, काका, एव्हिएशन अधिक इलेक्ट्रॉनिक्स. विमानातले रेडिओ, रडार, समोरचे सगळे काटे आणि पडदे, ऑटोपायलट, असं सगळं आमच्यात येतं. एवढ्या यादीतून काकांनी 'ऑटोपायलट' तेवढा उचलला. त्यातला 'ऑटो' रिक्षावाल्यांना सोडला आणि 'पायलट' आजीला नेऊन दिला.

आजीने तो दुपारपर्यंत गल्लीत पोचवला.

हा शब्द फिलिप क्लास नावाच्या एका अमेरिकन माणसाच्या नावावर जमा आहे. आधी इंजिनीअर, मग विमानांवर लिहिणारा पत्रकार. पुढे तो प्रसिद्ध झाला ते उडत्या तबकड्यांच्या गोष्टी कशा खोट्या, हे दाखवून देण्यासाठी. आभाळातल्या वस्तूंबद्दल लोकांचे गैरसमज दूर करत बसणं हे या धंद्यात पहिल्या माणसापासून चालत आलंय तर.

बाहेरच्यांना वाटतं की विमानाला सगळं ठाऊक असतं. मलाही प्रवेश घेताना वाटायचं. मग दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये उंचीमापक उघडून दाखवला. आत पत्र्याची एक बंद डबी, दोन्ही बाजूंनी नालीदार, अगदी चपटी. विमान वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि डबी फुलक्यासारखी फुगते. त्या फुगण्याला बारीक दांडे आणि दातेरी चाकं जोडलेली, त्यावर काटा. विमान किती फुटांवर आहे हे असं ठरतं. मी सरांना विचारलं, म्हणजे खरी उंची कुणी मोजतच नाही? सर म्हणाले, "जमिनीजवळ रेडिओ लहर खाली सोडून मोजतात. बाकी वेळ फुलका."

त्यातून हवेचा दाब रोज बदलतो. एक हेक्टोपास्कल (हे दाबाचं माप) इकडेतिकडे झाला की साधारण ३० फुटांचा फरक. म्हणून उतरताना त्या विमानतळावरचा त्या वेळचा दाब विचारून यंत्रात भरावा लागतो. आणि एका ठरावीक उंचीच्या वर गेलं की सगळ्या विमानांनी खऱ्या दाबाचा नाद सोडायचा आणि एकच आकडा लावायचा. १०१३.२५. खाली सांगलीत पाऊस असो की राजस्थानात वादळ, वर १०१३.

"पण मग सगळ्यांची उंची चुकेल," मी.

"चुकेलच. पण सगळ्यांची सारखी चुकेल. सगळे एकाच मापाने चुकले की टक्कर होत नाही."

वर्गात बाकीच्यांनी हे वहीत उतरवून घेतलं. मला आमच्या घरची दिवाळी डोळ्यांसमोर आली.

लॅबमध्ये विमान नसतं, त्याचे अवयव असतात. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मला आली गळतीची चाचणी. उंचीमापकाला रबरी नळी जोडायची, हातपंपाने थोडी हवा ओढून घ्यायची, काटा होता तिथून १००० फूट वर चढवायचा, नळी बंद करायची आणि एक मिनिट गप्प बसून बघायचं. १०० फुटांपेक्षा जास्त घसरला तर गळती आहे. साधं काम. मी काटा १००० फूट चढवला, चिमटा लावला, घड्याळ चालू केलं. तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

काटा निघाला. ९८०. ९५०. ९००. मी त्याच्याकडे असा बघत होतो की लाजेने तरी थांबेल. नळीचा सांधा माझ्या बाजूने होता. मी सहज टेकल्यासारखं करून त्यावर अंगठा दाबला. काटा ८६० वर थांबला.

"पिटो नळी काय मोजते?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. समोरून आत घुसणारी हवा आणि बाजूच्या भोकातली शांत हवा (हिला स्टॅटिक म्हणतात), यांच्या दाबातल्या फरकावरून वेग. विमान उभं असताना तिच्यावर लाल पट्टीचं आवरण घालतात, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. उड्डाणाआधी ते आठवणीने काढायचं असतं. सर खूश दिसले. (ती लाल पट्टी मी पहिल्याच आठवड्यात कीचेन म्हणून विकत घेतली होती. पिटो नळी कळायला पुढे दीड वर्ष गेलं.)

"बरं, फळ्यावर आकृती काढ."

फळा चार पावलांवर होता. अंगठा इथे होता. मी म्हणालो, "सर, तोंडी सांगितली तर चालेल का?"

त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "हात काढ. उतरू दे त्याला."

सात गुण गेले.

त्यामानाने डेटा बसवर, म्हणजे यंत्रांमधल्या निरोपांच्या तारेवर, माझा जीव आहे. एरिंक ४२९ नावाची पद्धत आहे, प्रवासी विमानांत यंत्रं एकमेकांशी तिच्यातून बोलतात. बोलतात म्हणजे एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. उलट उत्तर द्यायचं असेल तर वेगळी तार ओढा. आमच्या घरी आजोबांच्या काळात हीच पद्धत होती म्हणे. प्रत्येक निरोप ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा. पहिले आठ बिट म्हणजे लेबल, निरोप कशाचा आहे ते. २०३ म्हणजे दाबावरून काढलेली उंची. गंमत अशी की बाकीचा आकडा धाकट्या बिटापासून येतो आणि लेबल मात्र थोरल्यापासून. लेबल लिहितात आठच्या पद्धतीत, तीन-तीन बिटांचा एक आकडा करून, त्यामुळे हे विसरून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सिग्नल सरळ वाचत गेलं की २०३ चं ३०१ होतं. मी पूर्ण एक दुपार ३०१ नावाचं काहीतरी शोधत बसलो होतो.

शेवटचा ३२ वा बिट पॅरिटीचा. निरोपातले एकूण 'एक' विषमच असले पाहिजेत. सम भरले तर हा बिट एक करायचा. वर्गात कुणाला पटकन कळेना. मला ऐकताक्षणी कळलं. आहेराचं पाकीट! पाचशे भरले की वर एक रुपया चिकटवायचा. पाकीट सम निघालं तर वाटेत कुणीतरी हात मारलाय असं समजावं. हे मी वर्गात सांगितलं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "आणि दोन रुपये गेले तर?" पाकीट पुन्हा विषमच दिसणार. पॅरिटीची मर्यादा मला त्या दिवशी जी कळली ती कायमची.

हे सगळं ज्ञान घरी मात्र मिक्सरपाशी येऊन थांबतं. मे महिन्यात आईने तो माझ्यासमोर आणून ठेवला. "विमानातलं शिकतोस ना, मग बघ जरा." मी उघडला, बघितला आणि बाबांना समजावलं की विमानातली वीज वेगळी असते. घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तिकडे ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झ. वारंवारता वाढवली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान, हलक्या करता येतात, आणि विमानात वजनाला फार किंमत.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे आपला मिक्सर विमानात चालणार नाही, एवढं तू तीन वर्षांत शिकलास."

मिक्सर कोपऱ्यावरच्या दुकानात दीडशे रुपयांत झाला. ब्रश गेले होते.

त्याच महिन्यात दादाकाकांच्या मुलीचं लग्न होतं, मिरजेला. आजी पहिल्या रांगेत. येईल त्याला मला दाखवायची. "माझा नातू. विमान चालवतो." सुरुवातीला मी दुरुस्त करायचो: आजी, चालवत नाही, त्यातली यंत्रं. मग समोरच्याला वाटायचं मी नापास झालोय. "होईल, होईल, पुढच्या वेळी होईल," म्हणून दोघांनी पाठसुद्धा थोपटली. तासाभराने मी नाद सोडला आणि १०१३ लावला. काका पायलट म्हणतात, आजी पायलट म्हणते, गुरुजी अक्षता देताना "या पायलटसाहेब" म्हणाले, मीही हात जोडले. मांडवात एकसुद्धा टक्कर नाही.

मग नवऱ्या मुलाच्या बाजूचे एक आजोबा आले. पांढऱ्या मिशा, ताठ कणा. आजीने त्यांनाही ऐकवलं. शेजारच्या कुणीतरी सांगितलं की हे एअरफोर्समधून रिटायर झालेत. माझ्या पोटात त्या लॅबच्या काट्यासारखं काहीतरी खाली सरकायला लागलं.

"कुठलं विमान?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना जरा बाजूला घेतलं, आहेराच्या टेबलामागे. "आजोबा, पायलट नाही मी. एव्हिऑनिक्स शिकतोय. तिसरं वर्ष."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "स्टॅटिकची गळती काढता येते?"

"नाही," मी खरं सांगितलं. "अंगठा लावतो."

ते मिशीतल्या मिशीत बराच वेळ हसले. "मी इन्स्ट्रुमेंट फिटर. पंचवीस वर्षं. अंगठा सगळेच लावतात, पोरा. सांध्याला साबणाचं पाणी लावून उपयोग नाही, तिथे हवा आत ओढली जाते, बुडबुडा दिसत नाही. एकेक तुकडा सोडवून बंद करत जायचं. बराच वेळ लागतो." मग त्यांनी मांडवाकडे एक नजर टाकली, आवाज खाली आणला. "आजीला माहीत नाही?"

"सांगून बघितलं."

"राहू दे. आमच्या सासरवाडीला पण अजून सांगितलेलं नाही."

एवढ्यात आजीचा आवाज आला. पंगत बसत होती आणि तिने आमच्यासाठी पाट धरून ठेवले होते, शेजारी शेजारी. वाढपी जिलेबी घेऊन आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "या दोघांना जास्त वाढ. दोघेही विमान चालवतात."

आजोबांनी पान पुढे सरकवलं. मीही सरकवलं.