गॅरेजच्या छतातली घडीची शिडी : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक सल्ला वरचेवर फिरतो. घराला जोडलेल्या गॅरेजच्या वर राहती खोली नसेल, नुसता ॲटिक (छपराखालची पोकळ जागा) असेल, तर त्या छताला आगीचे नियम लागत नाहीत. दुकानातून छतातून खाली उलगडणारी घडीची तयार शिडी आणा, छताचा ड्रायवॉल (जिप्सम बोर्ड) कापा, शिडी बसवा. एका दुपारचं काम. कुणी शंका काढलीच तर भोक झाकणाऱ्या शिडीच्या फळीला खालून ड्रायवॉल ठोका आणि फटीत आगरोधक म्हणून विकला जाणारा नारिंगी फोम मारा. परमिटच्या फंदात पडायचं कारण नाही. भारतवारीच्या बॅगा, गणपतीचं मखर, कंदील ठेवायला हक्काची जागा होते.

जागेची गरज खरी आहे. पण या सल्ल्यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची आहे, आणि चूक घरात झोपलेल्या माणसांच्या जिवाशी येऊन भिडते.

‘वर राहती खोली नाही, म्हणून नियम नाही’

बहुतेक राज्यांची घरबांधणी नियमावली ज्या आयआरसी (इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड) या आदर्श संहितेवर बेतलेली आहे, तिच्या आर ३०२.६ या कलमातलं कोष्टक नेमकं उलटं सांगतं. गॅरेज हे घरापासून आणि ॲटिकपासून, दोन्हींपासून, किमान अर्धा इंच जाडीच्या जिप्सम बोर्डाने वेगळं केलेलं हवं, आणि तो बोर्ड गॅरेजच्या बाजूने लावलेला हवा. वर राहती खोली असेल तर छताला ५/८ इंची टाइप एक्स (आगीत जास्त टिकणारा) बोर्ड लागतो. म्हणजे वर खोली नसल्याने बोर्डाची जाडी कमी होते, नियम रद्द होत नाही. काही शहरं सगळ्याच गॅरेजना ५/८ इंची बोर्ड मागतात.

यामागचं कारण ॲटिकमध्ये डोकावलं की दिसतं. बहुसंख्य घरांत गॅरेजवरचा आणि बेडरूमवरचा ॲटिक सलग असतो. मध्ये भिंत नाही, फक्त इन्सुलेशन आणि लाकडी ट्रस (छपराचे त्रिकोणी सांगाडे). गॅरेजमध्ये पेट्रोल, रंगाचे डबे, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, गाडी. तिथली आग छतातून वर गेली की ती भिंतीतला दरवाजा फोडत बसत नाही, थेट झोपण्याच्या खोल्यांवरून पसरते. खाली कुणाला धूर दिसेपर्यंत वरचे ट्रस पेटलेले असतात.

एका परिस्थितीत मात्र हा दावा टिकतो. घर आणि गॅरेज यांच्यामधल्या भिंतीचा जिप्सम छताशी न थांबता ॲटिकमधून थेट छपराच्या फळ्यांना जाऊन भिडलेला असेल, तर विभाजन त्या उभ्या भिंतीनेच झालेलं असतं. मग गॅरेजवरचा पोकळ भाग गॅरेजचाच हिस्सा ठरतो आणि छतात शिडी बसवायला आगीच्या नियमाची आडकाठी राहत नाही. म्हणून करवत हातात घेण्याआधी टॉर्च घेऊन वर बघा : भिंत वरपर्यंत गेली आहे का, तिच्यातून जाणाऱ्या वायरी आणि पाइपांभोवतीच्या फटी बुजवल्या आहेत का. घरापासून सुटं, ३ फुटांहून दूर असलेलं गॅरेज असेल तेव्हाही हे कलम आड येत नाही.

‘फळीला ड्रायवॉल ठोकला की झालं’

घडीच्या साध्या लाकडी शिडीची फळी जेमतेम १/८ इंच जाडीच्या प्लायची किंवा हार्डबोर्डची असते. तिच्या चारही बाजूंना फट असते, कारण ती उघडता-मिटता आली पाहिजे. तिचं नेहमीचं माप साडेबावीस बाय चोपन्न इंच, म्हणजे सुमारे साडेआठ चौरस फूट. त्यावर ५/८ इंची टाइप एक्स लावला तर १८ पौंडांहून जास्त वजन वाढतं. स्प्रिंग मूळ शिडी आणि फळीच्या वजनासाठीच बेतलेल्या असतात; त्या ताणल्या जातात, फळी एका टोकाला लोंबते आणि आधीची बारीक फट बोटभर रुंद होते. आग आणि धूर जातात त्या फटीतून. बोर्ड जाड केला आणि फट रुंद केली, तर कमाई शून्य.

जिप्सम काम करतो ते त्याच्यातल्या पाण्यामुळे. वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी त्याच्या स्फटिकात बांधलेलं असतं. आच लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जावं लागतं, तोवर बोर्डामागचं लाकूड फारसं तापत नाही. टाइप एक्समध्ये काचतंतू असतात, त्यामुळे पाणी गेल्यावरही बोर्ड लगेच तडकून गळून पडत नाही. पण हे सगळं सलग पडद्यासाठी खरं आहे. ‘एक तासाचा बोर्ड’ असं सरसकट म्हटलं जातं तेही अर्धवट आहे : तास मोजला जातो तो बोर्ड, लाकूड, स्क्रू आणि सांधे अशा पूर्ण रचनेचा. आयआरसी गॅरेजच्या या छताकडून तास मागतही नाही, अखंडपणा मागते.

‘नारिंगी फोम आहे ना’

तो फोम स्वतः पेटतो. पाइप किंवा वायर लाकडातून जाते तिथली लहान फट बुजवायला त्याला मान्यता आहे, आणि डब्यावर ती मर्यादा लिहिलेली असते. हलत्या फळीच्या चौकटीसाठी तो नाही.

‘फायर-रेटेड लिहिलेली शिडी घेतली की प्रश्न मिटला’

हा त्यातल्या त्यात शहाणा सल्ला, पण लेबल पूर्ण वाचायला हवं. घर आणि गॅरेज यांच्यामधल्या दरवाजासाठी संहितेत १ ३/८ इंच जाडीचं भरीव लाकूड, तेवढ्याच जाडीचा पोलादी दरवाजा किंवा २० मिनिटं आग अडवतो असं मानांकन असलेला दरवाजा असे पर्याय आहेत. ते उभ्या दरवाजाचे. छतातल्या झडपेवर आच खालून येते आणि गुरुत्वाकर्षण तिला उघडायला मदत करतं, म्हणून आडव्या झडपेची चाचणी वेगळी असते. लेबलवर आडव्या, छतातल्या चाचणीचा उल्लेख आहे का ते पाहा. घडीच्या शिडीबद्दल संहिता थेट काही बोलत नाही, त्यामुळे निर्णय स्थानिक इन्स्पेक्टरचा. एक शहर १ ३/८ इंची लाकडी झाकण चालवून घेतं, शेजारचं शहर छताइतकाच जिप्सम मागतं. पैसे भरण्याआधी विचारा.

मग वर जायचं कसं?

आमचं मत स्पष्ट आहे : ॲटिक सलग असेल तर गॅरेजचं छत कापूच नका. वाट घराच्या आतून, हॉलवे किंवा कपाटाच्या छतातून घ्या. बहुतेक घरांत तिथे झाकण आधीपासून असतंच. आतल्या झाकणाला आगीची अट नाही; फक्त ते ॲटिकइतकंच इन्सुलेट केलेलं आणि कडांना गॅस्केट (फट बंद करणारी लवचिक पट्टी) लावलेलं हवं.

गॅरेजमधूनच हवं असेल तर शिडीऐवजी सुटं झाकण करा आणि वर चढायला साधी शिडी टेकवा. ट्रस मध्यापासून मध्यापर्यंत २४ इंचांवर असतील तर त्यांच्या दोन खालच्या तुळयांमध्ये साडेबावीस इंच मोकळे मिळतात. तेवढीच रुंदी घ्या, लांबी ३० इंच. ॲटिकच्या वाटेसाठी चौकटीचं किमान माप २२ बाय ३० इंच असतं, ते यात बसतं. जुन्या घरात छताला खरखरीत लेप असेल तर कापण्याआधी नमुना ॲस्बेस्टॉससाठी तपासून घ्या.

दोन्ही टोकांना तुळईच्याच मापाचं आडवं लाकूड ठोका. छताचा जिप्सम चौकटीच्या आत पाऊण इंच येईल असा कापा. त्या कडेच्या वर, चौकटीला आतून, पाऊण इंच जाडीची लाकडी पट्टी चारही बाजूंनी स्क्रूने बसवा. म्हणजे पट्टीच्या पोटाला जिप्सम राहतो. उघडी राहिलेली कड धातूच्या बीडने (कोपरपट्टीने) झाका. झाकण २२ १/४ बाय २९ ३/४ इंच : खाली छताइतक्याच जाडीचा जिप्सम, वर अर्धा इंची प्लाय, दोन्ही गोंद आणि सव्वा इंची स्क्रूने जोडलेले, सगळ्यात वर इन्सुलेशन. ५/८ इंची बोर्ड घेतला तर झाकण साधारण १७ पौंडांचं होतं आणि स्वतःच्या वजनाने गॅस्केटवर बसतं. ते भोकातून वर न्यायचं तर उभं धरून, अरुंद बाजू भोकाच्या लांबीत घालून तिरकं सरकवा. भोकाभोवती वरून प्लायचा उभा कठडा करा, नाहीतर सुटं इन्सुलेशन डोक्यावर कोसळतं.

गॅस्केट टाळू नका. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर जाते आणि खालची हवा ओढून घेते. गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्या ओढीने ॲटिकमध्ये पोहोचतो, आणि तिथे घरातली हवा एसीकडे परत नेणारा डक्ट गळका असेल तर तिथून थेट बेडरूममध्ये.

‘एखादा ट्रस कापला तर काय बिघडतं?’

रुंद शिडीसाठी हेही सुचवलं जातं. ट्रसची खालची तुळई ताणात असते. ती कापली की छपराचे दोन्ही उतार भिंतींना बाहेर ढकलू लागतात. नोंदणीकृत अभियंत्याच्या आराखड्याशिवाय ट्रसला खाचही पाडता येत नाही. शिवाय साठवणीसाठी न बेतलेल्या ॲटिकच्या भाराचा हिशेब चौरस फुटाला १० पौंडांचा असतो, मर्यादित साठवणीचा २० पौंडांचा. भरलेली २३ किलोची बॅग आडवी ठेवली तर चार चौरस फुटांवर सुमारे ५० पौंड, म्हणजे एकीनेच १० ची मर्यादा ओलांडली. एकावर एक ठेवली की २० चीही.

‘परमिट कशाला?’

कारण घर विकताना खरेदीदाराचा तपासनीस गॅरेजमध्ये मान वर करून पाहतो, आणि छतातली साधी शिडी हा त्याच्या अहवालात नेहमी येणारा दोष आहे. आधीच्या मालकाने बसवलेली शिडी असेल तर दोन वाटा आहेत. वरून तिच्याभोवती प्लायची पेटी बांधून पेटीच्या आतल्या बाजूला आणि झाकणाच्या पोटाला जिप्सम लावायचा. मात्र हे इन्स्पेक्टरला आधी चित्र दाखवून. किंवा शिडी काढायची, चारही कडांना आधाराचं लाकूड देऊन छताइतक्याच जाडीचा बोर्ड बसवायचा, सांध्यांवर कागदी टेप आणि पुट्टीचे दोन हात. दुसऱ्या वाटेला सामान कमी लागतं आणि तिच्यावर कुणाचं दुमत होत नाही.