ॲसेन्शन बेट ओसाड नव्हतं

झाडं लावणाऱ्या मंडळींत एक गोष्ट हमखास फिरते. अटलांटिकमधलं ॲसेन्शन बेट म्हणजे नुसता जळका दगड. डार्विनला कल्पना सुचली, त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर याने जंगल लावलं, पाऊस सुरू झाला. मग आपले उजाड माळ का नाही हिरवे होणार? या गोष्टीत तिथे आधीपासून जगत असलेल्यांचा पत्ताच नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी 'ओसाड'. झाडं जवळजवळ नव्हती, हे खरं. पण 859 मीटर उंचीच्या ग्रीन माउंटनवर नेचे (फर्न) होते, त्यातले काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कोथिंबिरीसारख्या पानांचं एक इवलं नेचं बाहेरून आलेल्या झाडोऱ्याखाली असं दडपलं गेलं की 2003मध्ये ते नामशेष जाहीर झालं. 2009मध्ये उभ्या उतारावर त्याची चार रोपं सापडली. फक्त चार.

पाणीही होतं. 1701मध्ये इंग्रज दर्यावर्दी डॅम्पियरचं जहाज इथे बुडालं, तेव्हा त्याची माणसं डोंगरावरच्या झऱ्यावरच तगली. समुद्रावरचा वारा डोंगर चढताना थंडावतो आणि माथ्यावर ढग धरतो. झाडं त्यातलं धुकं पानांवर झेलून खाली ठिबकवतात, पण ढग धरतो तो डोंगरच.

डार्विन 1836मध्ये आला तेव्हा ब्रिटिश आरमाराची ठाणी बसून एकवीस वर्षं झाली होती. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनवर नजर ठेवायला 1815मध्ये ती आली. डोंगरावरचे झरे तेव्हाही काळजीने राखलेले होते. हूकर 1843मध्ये येऊन गेला आणि डार्विनशी त्याची घट्ट मैत्री जुळली ती त्यानंतर. झाडं लावायची 1847ची त्याची योजना आरमारासाठी होती. शिबंदीला पाणी हवं होतं.

त्याच आरमाराच्या काळात मांजरं आली. समुद्रपक्ष्यांच्या वसाहती त्यांनी संपवल्या, आणि इथलाच असलेला फ्रिगेट पक्षी शेजारच्या खडकापुरता उरला. मांजरं हटवल्यावर, 2012मध्ये, तो मुख्य बेटावर पुन्हा घरटी करू लागला.

एक गोष्ट मान्य करतो: इथलंच दुसरं एक छोटं नेचं आज आयात झाडांच्या शेवाळलेल्या खोडांवर वाढतं. पण खाली सपाटीवर काय पसरलंय? आपल्याकडे माळ गिळणारी वेडी बाभूळ. हिरवी कासवं ज्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात, तिथपर्यंत ती सरकते आहे.