मावशीवरच्या लेखात एवढे पक्षी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मावशीवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप असा की, आयुष्यभर रुग्णसेवा केलेल्या बाईंवर लिहिताना मी निम्मा लेख कुरडया, नातवंडांचे स्वेटर आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांवर घालवला. ‘परिसेविका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंची तुम्ही घरातली आजीबाई करून टाकलीत,’ असं तुमचं वाक्य आहे. तुमचे वडील आजारी होते तेव्हा त्या वॉर्डात मावशीच होती, हेही तुम्ही शेवटी लिहिलंत. त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

वॉर्डातलं मी लिहिलं नाही, कारण ती ते घरी आणतच नसे. 2003 च्या सिंहस्थात, 27 ऑगस्टला, नाशकात चेंगराचेंगरी होऊन 30 हून अधिक भाविक गेले. मावशी तेव्हा ड्यूटीवर होती. घरी आली ती दुसऱ्या दिवशी. आंघोळ केली, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवल्या आणि झोपली. पुढे मी तिला त्याबद्दल कितीदा तरी विचारलं. ‘लोकांची माणसं होती गं ती,’ एवढंच म्हणायची. कुणाचं दुखणं, कुणाचं शेवटचं बोलणं, यातलं काहीही तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही. जे तिने जपलं ते मी तर्काने रंगवून लिहिणं मला पटत नाही.

पण वॉर्डातलं हाती नव्हतं म्हणून पक्षी घातले, असं मात्र नाही. हाती असतं तरी पक्षी राहिलेच असते.

12 मे, म्हणजे परिचारिका दिन, आला की सिस्टर मंडळींना गुलाबाचं फूल देतात आणि भाषणात ‘सेवामूर्ती’ म्हणतात. मला तो शब्द सोसत नाही. मूर्तीची कंबर दुखत नाही, मूर्तीला रजा लागत नाही, मूर्तीची मुलगी दहावीला नसते. मावशीची होती. त्या वर्षी तिने जमतील तितक्या नाइट मागून घेतल्या, म्हणजे दुपारी मुलीजवळ बसता यावं. झोप कधी काढली, ते आम्हाला आजही उमगत नाही. हे घरातलं झालं की नोकरीतलं? मला तरी वेगळं काढता येत नाही.

तुम्ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या दिव्याचा दाखला दिलात. तिच्या खिशात घुबड असायचं, हेही सांगायला हवं. 1850 साली अथेन्समध्ये तिला ते पिल्लू मिळालं. आपल्याकडच्या पिंगळ्याचंच भावंड. नाव ठेवलं अथीना. 1854 साली ती क्रिमियाच्या युद्धासाठी निघण्याच्या सुमाराला ते मेलं, आणि पेंढा भरून जतन केलेलं ते घुबड आज लंडनमध्ये तिच्या नावाच्या संग्रहालयात आहे. दिव्यासोबत हेही लोकांनी जपलं, याचा मला आनंद आहे.

आता नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा आहे, त्यामागचं ते उथळ पाणी. नाशिकहून 40 किलोमीटरच्या आसपास. हिवाळ्यात ऑफ मिळाला की काकांच्या मोटरसायकलवर मागे बसून मावशी अंधारातच निघायची. पिशवीत पोळीभाजीचा डबा, दुर्बीण आणि वही. वहीत तारीख, 24 तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ, वारा, पाणी किती चढलंय, आणि मग पक्षी. वॉर्डातल्या चार्टवर बसलेला हात तो. थवा मोजायचा तर आधी 10 पक्षी नीट मोजायचे, त्यांनी किती जागा घेतली ते नजरेत धरायचं आणि त्या मापाने पुढे सरकत जायचं. आकडा अंदाजाचा असेल तर शेजारी तसं लिहायचंच. माझ्या अभ्यासाच्या बाबतीत ती कधी एवढी कडक नव्हती. थापट्या बदकं पाण्यावर चोच टेकवून गोल गोल का फिरतात, हे तिने मला दाखवलं: फिरल्याने तळचं खाणं वर येतं. लडाख-तिबेटकडून येणारे चक्रवाक दिसले की मात्र वही मिटायची आणि नुसती बघत बसायची. जानेवारी 2020 मध्ये नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरल्याची बातमी आली, तेव्हा तिचा भल्या सकाळी फोन आला. स्वतःच्या बढतीची बातमी तिने आम्हाला पंधरा दिवसांनी सांगितली होती!

हे सगळं गाळून तिची आठवण लिहायची, तर उरते ती कुठल्याही सिस्टरवर चालेल अशी श्रद्धांजली. ती मी लिहिणार नाही.

वॉर्डातली मावशी मात्र तुमच्या घराने पाहिली आहे. वडिलांची हरकत नसेल तर त्या दिवसांबद्दल जरूर लिहा: ती कशी बोलायची, रागवायची का, रात्री राउंडला आल्यावर काय विचारायची. नावं, आजार काही नको. तुमचं लिखाण मी लेखाला जोडेन. तिच्या मुलीलाही ते वाचायचं आहे, काल तिच्याशी बोलणं झालं.