कोनी पोर शे तू?

पुतणीने व्हिएतनामचं तिकीट काढलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नाही. वय 26, पुण्यात नोकरी, स्वतःचे पैसे, बारा दिवस, एकटी. जिभाऊंनी आमच्या खान्देशी अहिराणीत एकच ओळ टाकली, "एकली पोर कसाले जास तठे?" म्हणजे एकटी पोर कशाला जाते तिथे? त्याखाली वडीलधाऱ्यांच्या हात जोडल्या चित्रांची रांग. एक काकू म्हणाल्या, लग्न झालं की जोडीने जा. कुणाला तिच्या जेवणाची काळजी. 25 डॉलर भरले की 90 दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो, असं तिने समजावून सांगितलं, ते कुणी वाचलंसुद्धा नसेल.

मला राग आला तो "एकली" या शब्दाचा.

आमच्या गल्लीतली पोरं दहावीत नापास झाली की अमळनेरला गाडीत बसून सुरत-उधन्याला लूमवर जायची. सतरा वर्षांचा पोऱ्या, हातात एक पिशवी, तिथे एका खोलीत आठ जण. त्याला "एकला कसाले जास" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आणि माझी आई? पारोळ्याकडच्या खेड्यातून अठराव्या वर्षी ज्या घरात आली, त्यातलं एक माणूस तिच्या ओळखीचं नव्हतं. पहिल्या आखाजीपर्यंत, म्हणजे लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिला माहेरचं कुत्रंही दिसलं नाही. तसं एकटीने जाणं आपल्याला चालतं. तसं तर आपण वाजतगाजत पाठवतो.

मी जर्मनीत लाइपझिगला आले ती 2012 च्या नोव्हेंबरात, शनिवारी. फ्रँकफर्टला गाडीत चढले तेव्हा फलाटावर ना फाटक, ना तिकीट बघणारा. मीच आपलं तिकीट हातात घट्ट धरून उभी. दुपारी चारच्या सुमारास बाहेर दिवेलागण झाली. ट्राम माणसांनी भरलेली आणि आवाज फक्त चाकांचा. माझ्या 23 किलोच्या बॅगेचं दुसरं टोक एका बाईने न सांगता धरलं, बॅग वर चढवली आणि ती पुढे जाऊन बसली. नाव नाही, गाव नाही. अमळनेर-धुळे एसटीत तेवढ्या वेळात तिने माझं कूळ, बापाचं शेत, माझं शिक्षण सगळं काढून घेतलं असतं. "कोनी पोर शे तू?" हा आमच्याकडचा पहिला प्रश्न. त्या ट्राममध्ये मी कुणाचीच पोर नव्हते, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी दोन स्टॉप पुढे गेले.

दुसरा दिवस रविवार. गल्लीतली सगळी दुकानं बंद. आईने दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी, त्यावर दिवस निघाला. सोमवारी आनमेल्डुंगला, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद करायला गेले तर एक कागद कमी म्हणून तिथल्या बाईने वर न बघता परत पाठवलं. मी जिन्यात बसून रडले, मग उठून तो कागद मिळवला, गुरुवारी पुन्हा गेले. तो गुरुवार मला कुणीही दिलेला नाही, तो माझा आहे. पुतणीलाही तसा एक दिवस मिळावा एवढंच मी ग्रुपवर भांडत होते.

भांडताना मी लिहिलं की इथे मी रात्री साडेअकराच्या ट्रामने एकटी घरी येते. हे खरं आहे. पण 2015 च्या जानेवारीत शहरात परक्यांविरुद्ध मोर्चे निघू लागले, ते मी लिहिलं नाही. 9 ऑक्टोबर 1989 ला ज्या रिंगरस्त्यावर 70,000 माणसं पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध स्वातंत्र्यासाठी चालली, त्याचा या शहराला केवढा अभिमान. त्याच शहरात त्या हिवाळ्यात मी अंधार पडायच्या आत घरी यायचे. ट्राममध्ये एक माणूस माझ्या तोंडासमोर येऊन ओरडला, तेव्हा सगळे खिडकीबाहेर बघत होते. बॅग धरणारी बाई रोज भेटत नाही. जिभाऊंना हे कळलं असतं तर पुतणीचं जाणं तिथेच थांबलं असतं, म्हणून मी गप्प बसले.

आणखीही एक आहे. 2016 ला मी आखाजीला घरी गेले. निंबाला झोका, गौराईची गाणी, खापरावरचे मांडे, आमरस. बाकी सगळ्या लेकी ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या. मला खुर्ची दिली. बाटलीतलं पाणी आणून दिलं. माझ्याशी सगळ्या शुद्ध मराठीत बोलत होत्या आणि आपसात अहिराणीत. मी अहिराणीत उत्तर दिलं तर एक चुलत बहीण म्हणाली, "तुला अजून येतं?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानंतर आखाजीला सुट्टी मिळत नाही असं मी दर वर्षी सांगते. सुट्टी मिळते.

म्हणजे जिभाऊंच्या त्या प्रश्नावर मी इतकी का चिडले, ते मला आता थोडं कळतंय. तो प्रश्न पुतणीला होता. मला तो विचारून फार वर्षं झाली.

काल रात्री तिचा फोन आला. हनोईला नोई बाय विमानतळावरून 86 नंबरची बस थेट शहरात जाते, तिने आधीच शोधून ठेवलंय. "आत्या, उतरल्यावर पहिल्यांदा काय करू?" मी म्हटलं, दशम्या बरोबर ने, पहिल्या रात्री दुकान शोधत फिरू नकोस. पोचलीस की आधी जिभाऊंना फोन कर, मग मला. आणि बसमध्ये शेजारच्या बाईने काही विचारलं, भाषा कळली नाही तरी, गावाचं नाव सांग. अमळनेर म्हण. मी इथे इतकी वर्षं "मुंबईजवळ" म्हणत आले.